शिळं वाचन

मी कादंबऱ्या वाचत नाही. कादंबऱ्या वाचणाऱ्यांकडे बघतो आणि त्याचाच पगार घेतो. नारायण पेठेत काळदाते प्रकाशनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. खोलीत सात आरामखुर्च्या, जाड पडदे आणि मधोमध मी. घरी बायको म्हणते, तुम्ही लोकांच्या रडण्यावर जगता. तिचं म्हणणं चूक नाही.

लिहिणारी यंत्रं स्वस्त झाल्यापासून प्रकाशकांकडे हस्तलिखितांचा लोंढा सुरू झाला. सकाळी कथानक सांगावं आणि संध्याकाळी चारशे पानांची कादंबरी घ्यावी, असे दिवस आले. त्या कादंबऱ्यांत चुका नसायच्या, भाषा गोड असायची. चांगलं लिहिलेलं कोणतं हे ठरवण्यात काही अर्थच उरला नाही, कारण सगळंच चांगलं लिहिलेलं होतं. तेव्हा आमच्या श्रीरंग काळदात्यांनी प्रश्नच बदलला. लिहिलंय कसं ते सोडा, म्हणाले, वाचणाऱ्याचं काय होतं ते बघा. मग ही खोली झाली.

यातलं विज्ञान तसं साधं आहे. बोटांच्या आतल्या बाजूला घामाच्या बारीक ग्रंथी दाटीनं असतात. मन हललं की त्या किंचित पाझरतात आणि त्यांच्यावर आपला काही ताबा नसतो. चेहरा आवरता येतो, डोळे पुसता येतात, पण बोटाची ओल आवरता येत नाही. वाचकाच्या बोटातली अंगठी ही ओल आणि नाडी मोजते. समोरचा कॅमेरा बुबुळं कोणत्या ओळीवर आहेत ते टिपतो. दोन्ही जुळवलं की माझ्या पडद्यावर एक रेघ उमटते आणि कोणत्या वाक्याला माणूस आतून हलला ते दिसतं.

यात एक मेख आहे. वाचताना मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला, नवं काही समोर आलं, की शरीर दचकतं आणि रेघ उसळते. आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला ती तशी उसळत नाही. दुःख होतं, पण ते संथ असतं, आमच्या अंगठीला ते नीट सापडत नाही. म्हणून आमच्या वाचकांना अगोदर वाचलेलं पुस्तक चालत नाही. एकदा देवस्थळी नावाचे एक गृहस्थ फुकटच्या चहा-भडंगासाठी वाचलेलीच कादंबरी पुन्हा वाचायला बसले. डोळ्यांना रुमाल लावून त्यांनी असा काही अभिनय केला, की बघत राहावं. रेघ मात्र सपाट. याला आम्ही खोलीत 'शिळं वाचन' म्हणतो. देवस्थळींना भडंग संपेपर्यंत बसू दिलं आणि मग निरोप दिला.

आमचे खरे वाचक सात. त्यांची नावं कुणाला सांगायची नाहीत, एकमेकांनाही नाही. ते फक्त क्रमांक. वाचक क्रमांक चार म्हणजे हर्षदा मोहोळकर, निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका. त्यांचा चेहरा कधी हलत नाही. शाळेतल्या मुली त्यांना 'दख्खनचं पठार' म्हणायच्या, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, तेही न हसता. नवरा गेला तेव्हा या बाई रडल्या नाहीत म्हणून नातेवाईक अजून बोलतात. आणि गंमत अशी, की सातांत सगळ्यांत जास्त ओल याच बाईंच्या बोटाला. परक्या गावातल्या परक्या माणसाची म्हैस मेली तरी त्यांची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकायची. बाई मात्र शांतपणे पान उलटायच्या.

त्या हिवाळ्यात एक आत्मकथन आलं, 'मी मजेत आहे'. माणसानं स्वतः लिहिलेलं, ही त्यातली पहिली बातमी. नियमाप्रमाणे आमच्या यंत्रानं त्यातली माणसांची आणि गावांची नावं बदलली आणि सातही जण वाचायला बसले.

गोष्ट एका मुलीची. लहानपणी वडील गेलेले, आई शाळेत शिकवणारी. पंधराव्या वर्षी आईनं तिला डॉक्टर करायचं म्हणून मराठवाड्यातल्या एका निवासी क्लासला ठेवलं. मार्क कमी पडले की रात्रीचं जेवण बंद आणि दुसऱ्या दिवशी अंगणात उन्हात उभं राहायचं. मुलगी डोक्याचे केस उपटायला लागली. डोक्यावर तळहाताएवढी जागा रिकामी झाली, ती ओढणीनं झाकायची. दर रविवारी आईचा फोन यायचा आणि ती म्हणायची, "मी मजेत आहे." त्या प्रकरणाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं : 'आईला हे कधीच कळलं नाही. कळलं असतं तर ती त्याच दिवशी येऊन मला घेऊन गेली असती.'

दोन नंबरचे वाचक त्या प्रकरणात इतके रडले, की त्यांची अंगठी काढून पुसावी लागली. सहा नंबरच्या बाई मध्येच उठून गॅलरीत जाऊन आल्या. सगळ्यांच्या रेघा डोंगररांगांसारख्या. वाचक क्रमांक चारची मात्र सपाट. बापाच्या मरणाला सपाट, उपाशी रात्रींना सपाट, केसांना सपाट. पूर्ण पुस्तकात एकाच ठिकाणी ती उसळली, इतकी की पडदा पुरला नाही. ती जागा म्हणजे 'घेऊन गेली असती' हे वाक्य.

मी बाईंना विचारलं, "हे तुम्ही आधी वाचलं होतं का?"

"नाही."

"लिहिणारं माणूस ओळखीचं आहे का? असेल तर नियमाप्रमाणे उठायला हवं होतं."

"चहा गार झालाय, दळवी," त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन निघाल्या.

मी अहवालात लिहिलं, 'वाचक चार : प्रतिसाद नाही.' सहा जणांच्या जोरावर पुस्तक स्वीकारलं गेलं. रिवाजाप्रमाणे सातही आलेख लेखिकेला गेले, अर्थात फक्त क्रमांकांनिशी. लेखिकेचं नाव मृण्मयी मोहोळकर. हे नाव मी कागदावर लिहिलं तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी पुस्तकं वाचत नाही तशी नावंही फारशी वाचत नाही.

पुढचं सगळं काळदात्यांनी केलं, आणि अगदी चांगल्या मनानं केलं. प्रकाशनाचा वर्धापनदिन होता. लेखकांचे सत्कार दरवर्षी होतातच, या वर्षी वाचकांचे करू या, असं त्यांच्या मनात आलं.

"साहेब, वाचकांची नावं गुप्त आहेत," मी म्हणालो.

"अहो, सत्काराला कसलं गुप्त? नाव न घेता शाल कुणाच्या खांद्यावर घालायची?"

"मोहोळकर बाई यायच्या नाहीत."

"त्यांना सांगितलंय, प्रमुख पाहुण्यांचं भाषण आहे, ऐकायला या. सत्काराचं सांगितलं की लोक उगीच आढेवेढे घेतात."

सभागृह भरलेलं होतं. निवेदिकेनं माइकवरून गोड आवाजात पुकारलं, "आणि आता वाचक क्रमांक चार, श्रीमती हर्षदा मोहोळकर!" बाई जागेवरच थिजल्या. शेजारच्यांनी टाळ्या वाजवत त्यांना अक्षरशः उठवलं. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाला. बाई नारळ धरून व्यासपीठावर उभ्या होत्या आणि समोर एकीकडेच बघत होत्या. तिथे 'आगामी लेखिका' म्हणून बोलावलेली मृण्मयी बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्यांनी मला फोन करायची ती पहिलीच वेळ.

"मृणू तुमच्याकडे येईल. ती माझी मुलगी आहे."

"काल कळलं ते."

"ती विचारील, रेघ सपाट का आली. तिला सांगा, तुझी आई दगड आहे. तेवढं तुमच्या यंत्राला जमेल."

"आणि खरं काय?"

"खरं तुमच्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तासाभरात मृण्मयी आली. पस्तिशीची, बंगळुरूला नकाशे करणाऱ्या कंपनीत नोकरीला. डॉक्टर झाली नाही, हे उघडच होतं. आलेख माझ्या टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"दळवीकाका, हे आलं त्या रविवारी मी आईला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. म्हटलं, सहा जण रडले आणि एक दगड निघाला. ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, असतात अशी माणसं." तिनं आलेख माझ्याकडे सरकवला. "लोक म्हणायचे, तुझी आई कोरडी आहे. मी आयुष्यभर भांडत आले त्यांच्याशी. खरंच आहे का ती तशी? माझं वाचून तिला काहीच झालं नाही?"

माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. बाईंनी सांगितलेलं उत्तर दिलं असतं तर मुलगी आईला दगड समजून गेली असती. दुसरं उत्तर त्याहून वाईट होतं, तेव्हा गप्प बसणंच शहाणपणाचं होतं. मी गप्प बसलो नाही. मला सत्याची फार चाड आहे अशातला भाग नाही. बाई दगड आहेत असं म्हणायचं म्हणजे चार वर्षं माझं यंत्र खोटं मोजत आलं असं म्हणायचं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. मी तिला बाईंचे जुने आलेख दाखवले. मेलेल्या म्हशीचाही दाखवला.

ती बघत राहिली. "मग माझ्याच पुस्तकाला का नाही?"

मी तिला शिळ्या वाचनाचा अर्थ सांगितला. शक्य तितक्या थोड्यात आणि तिच्याकडे न बघता.

"पण तिनं वाचलं नव्हतं. मी कुणालाच दाखवलं नव्हतं," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली. आलेख जवळ ओढून तिनं विचारलं, "ही एकच उसळी कुठे आहे?"

मी ओळ दाखवली. तिनं स्वतःचंच वाक्य बोट ठेवून वाचलं. तिला समजलं हे मला अंगठीशिवाय कळलं. तिनं फोन काढला आणि म्हणाली, "आई, दळवीकाकांकडे ये. आत्ता."

बाई आल्या. नेहमीच्या सवयीनं चार नंबरच्या खुर्चीत बसल्या. मी उठून बाहेर जायला लागलो तर मृण्मयी म्हणाली, "तुम्ही थांबा. नाहीतर ती बोलायची नाही." मी थांबलो. मला थांबायचं होतंच.

"तू तिथे आली होतीस?"

"हो."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. फोनवर तुझा आवाज निराळा लागायला लागला होता. रजा टाकून आले. चकल्या केल्या होत्या."

"मग?"

"फाटकातून तू दिसलीस. उन्हात उभी होतीस. वाऱ्यानं ओढणी सरकली, तेव्हा डोकं दिसलं."

मृण्मयीनं नकळत डोक्यावर हात नेला. "मग आत का नाही आलीस?"

"तू मला बघितलं असतंस तर माझ्याबरोबर निघाली असतीस."

"अर्थात निघाले असते!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुझे बाबा गेलेले. माझी नोकरी कच्ची. तू शिकून पायावर उभी राहिलीस तर सुटशील, एवढं एकच मला दिसत होतं. वाटलं, सहा महिन्यांचा प्रश्न आहे, केस काय, परत येतात. पुढच्या एसटीनं परत गेले."

"आणि रविवारी फोन करून विचारलंस, कशी आहेस."

"हो. आणि तू म्हणालीस, मजेत आहे."

मग मृण्मयीनं फारच विचित्र प्रश्न विचारला. "चकल्यांचं काय केलंस?"

"स्टँडवर एका बाईच्या पिशवीत घातल्या. घरी नेववेनात."

"आणि इथे वाचायला बसलीस तेव्हा ओळखलंस ना? उठली का नाहीस?"

"उठले असते तर पुढचं वाचायला मिळालं नसतं. तू मला काय समजतेस ते मला कधी माहीतच नव्हतं, मृणू. मला वाटायचं, तुझ्या मनात माझ्याबद्दल राग असेल. तो लिहिला असशील म्हणून वाचत होते." बाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "ते वाक्य काढ. खोटं आहे ते."

"वाक्य राहील."

"मला शिक्षा म्हणून ठेवतेस?"

"शिक्षा म्हणून की माया म्हणून, ते माझं अजून ठरलेलं नाही," मृण्मयी म्हणाली. "आत्ता काही बदलायची माझ्यात ताकद नाही. पुढच्या आवृत्तीला बघू." आणि ती निघून गेली. त्या रविवारपासून मायलेकींचा फोन बंद झाला.

पुस्तक आलं आणि चाललं. ते वाक्य तर पुस्तकाच्याही पुढे गेलं. काळदात्यांनी ते वाचनखुणांवर छापलं, कुणीतरी त्याचं भित्तिचित्र केलं. आणि त्या व्यासपीठामुळे आणि एकाच आडनावामुळे सगळ्या पुण्याला ठाऊक होतं, की ती आई म्हणजे मोहोळकर बाई. मंडईत बायका त्यांना थांबवून पाया पडायच्या. "आई असावी तर अशी," म्हणायच्या. बाई 'असू दे, असू दे' म्हणत पुढे व्हायच्या. नाव फुटल्यामुळे त्यांची खुर्ची आमच्याकडे रिकामी झाली होती, तरी अधूनमधून त्या जिना चढून येत आणि विचारत, "आवृत्ती कुठवर आली?"

संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून मुलीचं पुस्तक लुटलं. सोसायटीतल्या बायकांना वाटलं, लेकीचं कौतुक. चैत्रातल्या हळदीकुंकवालाही तेच वाण. मग कारण नसताना शाळेच्या ग्रंथालयाला, योगवर्गाला, दंतवैद्याच्या वेटिंग रूमला. मी त्यांच्याकडे एकदा प्रती पोचवायला गेलो तर दिवाणखान्यात गठ्ठ्यांमुळे बसायला जागा नव्हती.

"बाई, एवढी पुस्तकं कशाला?"

"आवृत्ती संपवायचीय," त्या म्हणाल्या. पर्जन्यमान सांगावं तितक्या सरळपणे.

मला त्यांची कीव आली. स्वतःबद्दलचं खोटं ही बाई स्वतःच्या हातांनी घरोघर वाटत होती, ते कधीतरी बदलावं म्हणून. प्रत्येक वाटलेल्या प्रतीबरोबर पाया पडणारी एक बाई वाढत होती.

आवृत्ती संपली. मी मृण्मयीला फोन केला. ती म्हणाली, "मुद्रणदोष काढा. बाकी आहे तसं." बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या आवृत्तीतल्या प्रतींची मागणी नोंदवली.

तीही वर्षाच्या आत संपली. या वेळीही मी मृण्मयीला फोन केला. तिनं विचारलं, "काका, विकत कोण घेतंय?"

मी सांगितलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"त्या पानाचं प्रूफ तिच्याकडे घेऊन जा," ती म्हणाली. "पेन तिच्या हातात द्या. तिला जे करायचं ते करू दे. मी मध्ये येणार नाही."

मी गेलो. बाईंनी चष्मा लावला, पान टेबलावर ठेवलं आणि वाचलं. बोटात अंगठी नव्हती. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच त्यांच्या नुसत्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागलं, आणि मला काहीही वाचता आलं नाही. मला वाटलं होतं, त्या ते वाक्य काढून मोकळ्या होतील. त्यांनी ते काढलं, त्याच्या आधीचंही काढलं, पण मोकळ्या झाल्या नाहीत. शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात समासात लिहिलं : 'आईला हे कळलं होतं. ती फाटकापर्यंत आली, आणि मला तशीच उन्हात ठेवून परत गेली.'

"बाई, तुमच्या सोसायटीतल्या बायका हे वाचतील," मी म्हणालो.

"नव्या आवृत्तीची प्रत त्यांना मीच देणार आहे," त्या म्हणाल्या. "जा आता. छपाई खोळंबेल."

खाली उतरून जिन्याच्या तोंडाशी मी मृण्मयीला फोन लावला आणि दोन्ही वाक्यं वाचून दाखवली.

"आणखी काय लिहिलंय?"

"एवढंच."

"बाबा गेले होते, नोकरी कच्ची होती, त्याचं काही?"

"नाही."

"माझ्या भल्यासाठी, वगैरे?"

"काही नाही. एवढंच आहे."

पलीकडे ती रडत होती. मी थांबून राहिलो. पूर्वी मी अशा वेळी पडद्याकडे बघायचो.

"छापा तसंच," शेवटी ती म्हणाली. "आणि काका, लांब गेला नसाल तर वर जा. तिला फोन द्या."

मी जिना पुन्हा चढलो आणि बेल वाजवली.